जावाच्या फिटरचं इंग्रजी

मी भाषातज्ज्ञ झालो तो एका फॅक्सच्या कागदावर, आणि तोही माझ्या अपरोक्ष. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. बारामतीतल्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होतो आणि जळोचीत एक खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. तिथून सायकलीच्या अंतरावर साखर कारखान्यांसाठी ऊस पिळणाऱ्या मिलचे रोलर बनवणारी एक कंपनी होती. तिला इंडोनेशियातून ऑर्डर मिळाली. जावा बेटावरच्या एका जुन्या साखर कारखान्यानं नवी मिल घ्यायचं ठरवलं, आणि ती बसवायची कशी, चालवायची कशी हे शिकायला आपली दोन माणसं दोन महिन्यांसाठी बारामतीला धाडली. पुढचा पत्रव्यवहार इंग्रजीत व्हायचा होता. म्हणून एका तज्ज्ञानं या दोघांचं इंग्रजी सुधारावं आणि शेवटी त्याबद्दल लेखी अभिप्राय द्यावा, अशी तिकडची अट होती. कंपनीच्या पर्सोनेल मॅनेजरनं आमच्या प्राचार्यांना फोन केला, प्राचार्यांनी माझं नाव सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत जावा बेटावर माझी तज्ज्ञ म्हणून ख्याती पोचली.

तोवर मी एकाही परदेशी माणसाशी बोललो नव्हतो. लंडनच्या धुक्यावर मी तासभर व्याख्यान देऊ शकत असे. पण ‘चहा घेणार का’ एवढं कुणाला इंग्रजीत विचारायची वेळ आयुष्यात आली नव्हती.

मॅनेजरनं मला केबिनमध्ये बसवून सांगितलं, “सर, या दोघांतला एक जण तिकडं मिलचा इनचार्ज होणार आहे. कोण, ते बरंचसं तुमच्या कागदावर ठरेल. तेव्हा लिहाल ते निःपक्षपाती लिहा.”

निःपक्षपाती हा शब्द मला फार आवडला. ज्यांच्या वाट्याला तो क्वचित आलेला असतो, त्यांना तो जरा जास्तच आवडतो.

पाहुणे आले त्या दिवशी कंपनीच्या दारात कमान उभारली होती. ‘परदेशी पाहुण्यांचे हार्दिक स्वागत’. गाडीतून दोन सावळी, ठेंगणी, काळ्या केसांची माणसं उतरली, तेव्हा फसवणूक झाल्यासारखी जमलेल्या कामगारांच्या चेहऱ्यावरची कळा गेली.

“आरं, ह्ये तर आपल्यावानीच हायती,” एक जण म्हणाला.

“मग काय झालं? परदेसी हायती न्हवं?”

“व्हय, पर दिसाय नगं?”

दिसोत न दिसोत, सत्कार ठरलेला होता. शाल, श्रीफळ, फेटे. मालकांनी इंग्रजीतून भाषण वाचलं. ते मीच लिहून दिलं होतं आणि त्यात ‘दोन महान संस्कृतींचा संगम’ वगैरे होतं. वाचणाऱ्याला ते कळत नव्हतं, ऐकणाऱ्या कामगारांना कळत नव्हतं, आणि पाहुण्यांचे फेटे कानांवर आल्यामुळे त्यांना ऐकूच येत नव्हतं. टाळ्या मात्र अगदी वेळेवर पडल्या.

दोघांतला एक तरुण होता, सत्तावीस-अठ्ठावीसचा. सुराबायासारख्या मोठ्या शहरात वाढलेला, खिशाला दोन पेनं लावणारा. दुसरा पन्नाशीचा फिटर. तीस वर्षं एकाच कारखान्यात घालवलेला. त्याच्या हातांच्या रेषांत मुरलेलं काळं ग्रीस साबणाच्या पलीकडं गेलेलं होतं. तरुणाला मी मनात पहिल्या दिवशीच पास केलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

रोज चार वाजता ट्रेनिंग हॉलमध्ये आमचा तास होई. हॉल म्हणजे मीटिंगची खोली. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि टोकाला उंच पाठीची एक खुर्ची. ती मालकांची. मॅनेजरनं आग्रहानं मला तीत बसवलं. “तुम्ही गुरू,” तो म्हणाला. मीही बसलो. खुर्ची चांगली होती.

पहिल्याच तासाला मी एक फॉर्म भरून घेतला. त्यात ‘दुसरी भाषा’ असा रकाना होता आणि त्यापुढं इंग्रजी असं लिहायचं होतं. तरुण अडखळला. घरी आम्ही जावानीज बोलतो, तो म्हणाला. शाळेत गेलो की इंडोनेशियन. मशिदीत अरबी, ती पाठ असते, कळत नाही. मग सातव्या इयत्तेत इंग्रजी. तर ती कितवी लिहू?

मी रुबाबात सांगितलं, दुसरीच लिहा, रकाना तसा आहे. पण प्रश्न माझ्यापाशी राहिला. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात आमच्या घरी ‘हाय’ आणि ‘न्हाय’ होतं. शाळेत गुरुजींनी छड्या मारून त्याचं ‘आहे’ आणि ‘नाही’ केलं; ती माझी पहिली परभाषा. मग सिनेमानं हिंदी शिकवली. पाचवीला इंग्रजी आली तोवर मी भाषांच्या बाबतीत चांगलाच मार खाल्लेला माणूस होतो.

मी दोघांना सांगितलं, तुम्ही इंग्रजी कसं शिकलात ते मला सांगा. हा माझा आवडता प्रश्न. त्यावरून माणसाचा शब्दसाठाही कळतो आणि तक्रारीही.

तरुण भराभर बोलला. वर्गात पन्नास मुलं. मास्तर फळ्यावर शब्द लिहायचे, आम्ही वहीत. सहा वर्षं शिकलो, पण तोंडानं एक वाक्य बोललो नाही, कारण चुकलं की सगळा वर्ग हसायचा. ज्यांना उत्तर येत असे तेही गप्प बसत. येतं म्हणून दाखवलं तर शहाणा ठरण्याची भीती. आमची लिपी इंग्रजीचीच, तो हसत म्हणाला, म्हणून जास्त फसलो. तुमच्याकडं निदान अक्षरं तरी परकी. आम्हाला ओळखीच्या चेहऱ्यांनीच दगा दिला. जसं लिहितात तसं ते बोलतच नाहीत. मग एका क्लासला गेलो, टेप ऐकल्या, गाणी पाठ केली, आरशासमोर बोललो.

मी मान डोलवत होतो. इंडोनेशिया काढून तिथं बारामती घातली असती तर एक शब्द बदलावा लागला नसता.

मग मी फिटरकडं वळलो. तो उठून उभा राहिला. मी बसायला सांगितलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि हिरव्या कापडाकडं बघत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, “स्कूल, सर. लिटल.” आणि मान आणखी खाली घातली.

पुढचे पाच आठवडे मी त्याच्याकडून यापलीकडं फारसं काही काढू शकलो नाही. विचारलं की उठायचा. बसवलं की गप्प. मी सोपे प्रश्न विचारले, मग फार सोपे, मग मुलांना विचारतात तसले. त्याचा चेहरा तसाच नम्र राहिला. त्या नम्रतेचा मला राग येऊ लागला.

मशीन शॉपमध्ये त्याला ज्यांच्या हाताखाली दिलं होतं ते फोरमन कळंबचे. सगळे त्यांना तात्या म्हणत. घरात त्यांच्या आज्यापर्यंत मेंढरं होती. तात्या सातवीनंतर लेथवर उभे राहिले ते आता निवृत्तीला आले होते. ते मला गुरुजी म्हणत, आणि त्यात आदराबरोबर एक चिमटाही असे.

“काय गुरुजी, आमचा पावना कसा हाय अभ्यासात?”

“बोलतच नाही तात्या. तोंडातून शब्द फुटत नाही.”

“कोन, त्यो?” तात्यांनी मला नीट न्याहाळलं. “लई बोलतो की. डोकं खातो माजं.”

“कुठल्या भाषेत?”

“आता ते मला काय ठावं? कळतंय एवडं खरं.”

मी हसलो. कामगारांच्या खाणाखुणांना भाषा म्हणायची पद्धत असते, आणि तिच्यावर हसायची पद्धत मास्तरांना.

सहाव्या आठवड्यात मी परीक्षा घेतली. तोंडी. मालकांच्या खुर्चीत बसून, समोर कोरा कागद, शेजारी घड्याळ. विषय तोच: मी इंग्रजी कसं शिकलो, पाच मिनिटं. तरुण सात मिनिटं बोलला. फिटर उभा राहिला. घड्याळाचा काटा फिरत होता. “आय अॅम सॉरी, सर,” तो म्हणाला, आणि एवढं बोलून पाच मिनिटं संपेपर्यंत तसाच उभा राहिला.

त्याला थोडं उचलून धरणं अवघड नव्हतं. मॅनेजरनंही सुचवलं होतं, वयाचा विचार करा म्हणून. पण सवलत या शब्दाशी माझं जुनं वैर होतं. वरकुट्यात आमच्या घरी भिंतीवर सुटाबुटातली एक तसबीर आहे. ती कुणाची हे आमच्यासारख्या घरांत सांगावं लागत नाही. वडील तिच्याकडं बोट दाखवून म्हणायचे, “इंग्रजी असं शिक की कुनाला बोट ठिवाय जागा ऱ्हाऊ नये.” मी तसं शिकलो. विद्यापीठात वरच्या नंबरानं आलो, आणि नोकरीवर रुजू झालो त्या दिवशी स्टाफरूमच्या दाराआड ऐकलं, “कोट्यातला आहे.” तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना अर्धा गुणही वाढवून दिलेला नव्हता. लोक त्याला माझी शिस्त म्हणत. मीही म्हणत असे.

मी लिहिलं की, वरिष्ठ उमेदवाराला इंग्रजीतून आपलं म्हणणं मांडता येत नाही. परक्या माणसांशी संपर्काची जबाबदारी त्याच्यावर सोपवणं योग्य होणार नाही. इंग्रजी वाक्य फार नेटकं झालं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि शुक्रवारी सकाळी मॅनेजरकडं दिलं.

त्याच दुपारी तास नसल्याचं सांगायला मी शॉपमध्ये गेलो. जेवणाची सुट्टी चालू होती, मशिनं बंद होती. नव्या रोलरांच्या रांगेमागून बोलण्याचा आवाज येत होता. मी थांबलो.

तात्या आणि फिटर जमिनीवर उकिडवे बसले होते. मध्ये भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ही चटणी त्याला एवढी आवडली होती, की तात्यांच्या घरून रोज जास्तीची येत असे. फरशीवर खडूनं काढलेली मिल होती, तीन रोलर आणि मधल्या फटी. तो एका हातानं जेवत होता, दुसऱ्यानं खडू चालवत होता आणि बोलत होता. इंग्रजीत. शब्द मोडके, सगळी क्रियापदं वर्तमानात, पण त्यातून जे सांगायचं त्यातलं काही सांडत नव्हतं. ऊस ओला असला तर ही फट किती, वाळका असला तर किती. बेअरिंग बिघडायच्या आधी कसं बोलतं. त्यानं मोठा स्क्रू ड्रायव्हर उचलून मूठ कानाला लावून दाखवली. तात्या म्हणाले, “आमी बी तसंच ऐकतो. डाक्टरवानी.” आणि दोघंही हसले.

मग तात्यांनी, शपथेवर सांगतो, माझाच प्रश्न विचारला. मराठीत. “ह्ये इंग्रजी तू शिकलास कुठं रं?” आणि तोंडासमोर बोटं हलवून दाखवली.

त्याला कळलं. तो सांगू लागला. कारखान्यात आधी सगळी यंत्रं डच लोकांची होती. मग इंग्रजी पुस्तकं असलेली आली, आणि ती वाचायला कुणी नव्हतं. तो शब्द कागदावर उतरून घरी न्यायचा. घरी मुलगी होती. शाळेत जाणारी. ती आपल्या पुस्तकात शोधायची, सापडला नाही तर मास्तरांना विचारून यायची. चुकलं की ती त्याच्या हातावर पट्टी मारायची. त्यानं दाखवलं, हलकेच, आणि हसला. आता ती चौदा वर्षांची आहे. गावची शाळा तेवढ्यावरच संपते. मिलच्या इनचार्जला कारखान्याच्या कॉलनीत घर मिळतं. कॉलनीशेजारी मोठी शाळा आहे. “शी गो,” तो म्हणाला. “आय गेट हाऊस, शी गो स्कूल.”

“मिळंल की,” तात्या म्हणाले. “न मिळाया काय झालं?”

माझ्या बुटाखाली लोखंडाचा कीस वाजला. फिटरनं वळून पाहिलं. क्षणात तो उभा राहिला, हात पुसले, दोन्ही हात पुढं धरले, नजर जमिनीवर आणि तोंड बंद. तेव्हा मला कळलं. तो माझ्यापुढं गप्प बसत नव्हता, तो माझा मान राखत होता. त्याच्या रीतीत गुरू वर बसलेला असताना खालच्यानं लांबलचक बोलायचं नसतं. आपलीच फुशारकी, आपल्याच तोंडानं, घड्याळ लावून, तर मुळीच नाही. मी रोज उंच खुर्चीत बसायचो आणि त्याला बोल म्हणायचो.

यातलं मला काही नवं नव्हतं, हे सगळ्यात वाईट. माझे वडील गुरुजींपुढं असेच उभे राहत. मला शाळेत घालायला आले तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा माझ्याकडून सांगवलं होतं.

मी सरळ मॅनेजरकडं गेलो. अभिप्राय अजून गेला नव्हता.

“फॅक्स सोमवारी सकाळी जाईल,” तो म्हणाला. “बदलायचा असेल तर बदला. फक्त आधीचा रद्द का करताय ते चार ओळीत लेखी द्या. मालक विचारतील. तुम्ही तज्ज्ञ आहात.”

चार ओळी. शनिवारी मी त्या लिहायला बसलो. माझा अंदाज चुकला, एवढंच लिहायचं होतं. पहिल्या मसुद्यात मी ‘नव्यानं उजेडात आलेल्या बाबी’ असं लिहिलं. दुसऱ्यात ‘सांस्कृतिक भिन्नता’ आली. तिसरा सगळ्यात चांगला होता. तो वाचून चूक त्या फिटरचीच आहे असं वाटलं असतं. साधं वाक्य मला इंग्रजीत येत होतं. सहीच्या वर ते ठेवायला हात धजत नव्हता. दाराआडचा तो आवाज पुन्हा काय म्हणेल ते मला पाठ होतं. रविवारी मी वरकुट्याला जाऊन आलो, काहीच कारण नसताना. सोमवारी सकाळी कॉलेजात तास होता. तो मी सोडू शकलो असतो. सोडला नाही. बाराला कंपनीत पोचलो तेव्हा फॅक्स जाऊन दोन तास झाले होते, आणि मॅनेजरनं पावती माझ्यापुढं ठेवली, जणू मी तीच न्यायला आलो होतो.

दुसरा फॅक्स पाठवता आला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आठवड्यानं उत्तर आलं. तरुण इनचार्ज झाला. त्यानं मला पेढे दिले. तो वाईट माणूस नव्हता, त्यानं स्वतःच मला विचारलं, “सर, मिलमधलं मला काही येत नाही. मी काय करू?” मी म्हणालो, फिटरना विचारत जा. तो म्हणाला, मी वरचा झालो ना आता, ते मला सांगणार नाहीत. मी विचारलं तरच उत्तर देतील, आणि काय विचारायचं तेच मला कळणार नाही.

तात्यांनी मला गेटपाशी गाठलं. “गुरुजी, नापास केलं व्हय त्याला?”

“मी फक्त इंग्रजीबद्दल लिहिलं, तात्या.”

“मंग मला इचारायचं हुतं. म्या सांगितलं असतं, त्याला किती येतंय.”

“तुम्हाला कुठं इंग्रजी येतं?”

“न्हाय येत,” ते म्हणाले. “म्हनूनच तर सांगतोय. मला न्हाय येत, तरी त्याचं समदं कळलं. तुमाला येतंय, आन् काय कळलं तुमाला?”

मी सायकलच्या कुलपाशी खटपट करत राहिलो.

ते निघाले त्या सकाळी पुण्याला जाणारी जीप उभी होती. मालक यायचे होते म्हणून ती खोळंबली होती. तरुण मॅनेजरबरोबर फोटो काढून घेत होता. फिटर शॉपच्या पायरीवर एकटा बसला होता, बॅग पायाशी. मी ठरवून गेलो होतो. माझी चूक झाली, मी तुझ्याबद्दल खोटं नाही पण चुकीचं लिहिलं, आणि कळल्यावरही बदललं नाही, असं त्याला सांगायचं. मला पाहताच तो उठला.

मी सांगितलं. सोप्या इंग्रजीत, एकेक वाक्य. तो मान खाली घालून ऐकत होता. सगळं संपल्यावर म्हणाला, “येस, सर.” शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. निदान मुलीचं काय, हे तरी त्यानं मला विचारायचं होतं.

मग मला सुचलं. मी पायरीवर न बसता खाली जमिनीवर उकिडवा बसलो, तो तात्यांजवळ बसत असे तसा, आणि त्याच्याकडं वर पाहिलं. आता बोलेल असं मला वाटलं. तो कमालीचा घाबरला. इकडंतिकडं पाहिलं, खांद्यावरचा पंचा काढला, घाईघाईनं माझ्याशेजारी जमिनीवर पसरला, हातानं सारखा केला, मला त्यावर बसायची खूण केली आणि आपण चार पावलं मागं सरून, कमरेत वाकून उभा राहिला.

तात्या दारात उभे होते. त्यांनी हे सगळं पाहिलं.

“उठा गुरुजी,” ते म्हणाले. “कशाला त्याला आनि तरास देताय?”

मी उठलो. पंचा उचलून झटकला आणि त्याला परत दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला.